भिडू नसलेला डाव

भिडू जमले नाहीत, की पत्त्यांचा कॅट कपाटात जातो. पेशन्सला मात्र भिडू लागतच नाही.

चेंबूरच्या घरी अब्बा रात्री लावत, तो त्याचा सर्वांत परिचित प्रकार क्लोंडाइक. १९९०मध्ये विंडोजबरोबर तो संगणकावरही आला. २८ पानं सात ओळींत मांडायची: पहिलीत एक, सातवीत सात. प्रत्येक ओळीचं शेवटचंच पान उघडं. लाल नव्वीवर काळी अठ्ठी, तिच्यावर लाल सत्ती, असं उतरत जायचं. रिकाम्या ओळीत फक्त राजा. उरलेल्या २४ पानांतून एकेक उलटायचं. एक्के निघतील तसे बाजूला मांडून बदामावर बदाम, किलवरावर किलवर असे चारही राजांपर्यंत चढवले, की डाव सुटला.

फ्रीसेलमध्ये ५२ पानं आठ ओळींत उघडीच असतात. अडलेलं पान तात्पुरतं ठेवायला चार जागा. विंडोजमधल्या मूळ ३२,००० डावांपैकी फक्त ११९८२ क्रमांकाचा सुटत नाही. तिथे हरलो, तर चूक बहुधा आपलीच. क्लोंडाइक मात्र न चुकताही अडतो.

असाच अडला असता लहानपणी मी खालचं झाकलेलं पान उचलून पाहिलं. अब्बा म्हणाले, “बघ. पण मग डाव सुटला म्हणू नकोस.” आणि पानं गोळा करून ते पुन्हा पिसू लागले.