प्रश्न घरातला, उत्तर सगळ्यांसमोर

नळाला पाणी येत नाही, रेशनच्या यंत्रावर अंगठा जुळत नाही, मुलीच्या शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर जमा झालेले नाहीत. आपल्या घरांत हे सगळे आधी अम्मी-आपांना कळते. पण कचेरीत जातात ते बहुधा घरातले पुरुष, आणि एक दिवसाची मजुरी बुडवून तेही हेच ऐकून येतात : साहेब जागेवर नाहीत, पुढच्या आठवड्यात या. हे उत्तर त्या टेबलापलीकडे कोणाच्या कानावर जात नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा देता येते.

तेच उत्तर साऱ्या गावाला ऐकू गेले तर? हरियाणातल्या मेवातमध्ये रेडिओने हे करून दाखवले आहे. मेव मुसलमानांच्या या जिल्ह्याला २०१६ पासून नूह म्हणतात. २०११ च्या जनगणनेनुसार तिथे शंभरातले ७९ लोक मुसलमान आहेत आणि स्त्रियांची साक्षरता अवघी ३६.६ टक्के. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या मागास जिल्ह्यांची क्रमवारी लावली, तेव्हा हा जिल्हा अगदी तळाला होता. जिथे अर्ज लिहून घ्यायलाही दुसऱ्याच्या दारी जावे लागते, तिथे तोंडी विचारता येणे ही फार मोठी सोय आहे.

२०१२ साली घागस गावातून ‘अल्फाज-ए-मेवात’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र १०७.८ एफएमवर सुरू झाले. शेती, पाणी, आरोग्य, शाळा, सरकारी योजना यांवर तिथे कार्यक्रम होतात. सरकारी अधिकाऱ्यांना स्टुडिओत बोलावून मुलाखत घेतली जाते आणि श्रोते फोनवरून प्रश्न विचारतात.

याचे बळ कशात आहे? अधिकाऱ्याने रेडिओवर एखादी तारीख सांगितली की ती घराघरांत ऐकली जाते. मग ‘मी असे बोललोच नव्हतो’ म्हणणे कठीण होते. एकाच तक्रारीचे फोन चार गावांतून आले, तर ती कुणा एकाची कटकट नसून यंत्रणेतली गडबड आहे, हे सर्वांना कळते. आणि चुलीपुढे बसलेल्या बाईलाही घर न सोडता विचारता येते.

आपल्या देशात हा मार्ग उशिरा खुला झाला. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मात्र २००६ मध्ये मिळाली. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा ऐकवता येतात. पण पाणी, वीज, आरोग्य यांची माहिती बातमी मानली जात नाही, आणि आपले निम्मे प्रश्न त्यातच येतात. आपल्या सातारा जिल्ह्यातही म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ पासून ९०.४ एफएमवर चालते.

रेडिओ नळाला पाणी आणत नाही, हेही खरे. पाहुण्यांची नुसती तारीफ झाली, तर कार्यक्रम फुकट जातो. ‘मागच्या वेळी दिलेल्या शब्दाचे काय झाले?’ असे निवेदकाने पुढच्या भागात विचारले, तरच त्याला अर्थ आहे. श्रोत्यांनीही तयारीने फोन करायला हवा. आधी लेखी तक्रार करून तिचा क्रमांक आणि तारीख जवळ ठेवावी. एका फोनमध्ये एकच प्रश्न विचारावा. ‘बघतो’ असे उत्तर आले, तर ‘कधीपर्यंत?’ हे अदबीने पण जरूर विचारावे. आधार किंवा बँक खात्याचा क्रमांक मात्र कधीच बोलू नये.

आपल्या भागात असे केंद्र आहे का, याची चौकशी करू या. असेल तर घरातल्या बायकांच्या हाती फोन देऊ या. पाणी किती दिवस आले नाही, हे त्यांना तोंडपाठ असते. अधिकाऱ्यासमोर तोच हिशेब मांडायचा आहे.