दत्तक-पात्रता आणि देहभार

दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीच्या वजनाचा तिच्या पात्रतेशी काही संबंध असावा काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक, किंबहुना थोडासा हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या दांपत्याचा अर्ज शरीराच्या स्थूलपणामुळे अडतो त्याला, आणि ज्या बालकाला त्यापायी घर मिळण्यास विलंब लागतो त्याला, तो क्षुल्लक नसतो. आपल्या कायद्यात वजनाचा उल्लेख नाही. मात्र शारीरिक सुदृढतेची अट आहे, आणि तिचा अर्थ लावण्याचे काम प्रत्यक्षात प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यावर व घरी येऊन चौकशी करणाऱ्या समाजकार्यकर्त्यावर येऊन पडते. या अटीत वजनाला कितपत स्थान असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दत्तकाची प्रथा कोल्हापूरच्या वाचकाला नवी नाही. या संस्थानाची गादी एकाहून अधिक वेळा दत्तकाने चालली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध दत्तविधान १७ मार्च १८८४ रोजी झाले. चौथे शिवाजी महाराज डिसेंबर १८८३ मध्ये निवर्तले होते. त्यांच्या पत्नी आनंदीबाईसाहेब यांनी कागलकर घाटगे घराण्यातील यशवंतराव या नऊ वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. तेच पुढे राजर्षी शाहू छत्रपती झाले. या घटनेतील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ज्यांच्यासाठी हा पुत्र घेण्यात आला ते पिता त्या वेळी हयात नव्हते. विधवेने दिवंगत पतीसाठी पुत्र घेणे हे मुंबई इलाख्यातील हिंदू कायद्याला पूर्णपणे संमत होते. अशा व्यवस्थेत दत्तक पित्याची प्रकृती कशी आहे, तो किती वर्षे जगेल, हा प्रश्न उद्भवूच शकत नव्हता. वंश चालावा, पिंडदान व्हावे, गादी रिकामी राहू नये, हे दत्तकाचे प्रयोजन होते. नीलकंठाचा ‘व्यवहारमयूख’ किंवा नंदपंडिताची ‘दत्तकमीमांसा’ पाहिली, तर कोणता मुलगा घेता येतो व त्याचे नाते काय असावे, याची चर्चा विस्ताराने आढळते. घेणाऱ्याच्या हाती मुलाचे संगोपन कसे होईल, हा तेथील मुख्य विचार नव्हे.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने या विषयात पुष्कळ बदल केले. तथापि घेणाऱ्याची व्यक्तिगत क्षमता ठरविताना त्याने सज्ञानता व मनाची सुस्थिती या दोनच गोष्टींवर भर दिला. शरीराविषयी तो मौन आहे. खरा पालट पुढे झाला. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी, म्हणजे शाहू महाराजांच्या दत्तविधानास शंभर वर्षे पूर्ण होत असताना, सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे यांच्या याचिकेवर निर्णय दिला. परदेशी दत्तकासंबंधीच्या या निर्णयात बालकाचे हित हेच सर्व विचारांचे केंद्र मानले गेले. घराला मूल हवे म्हणून दत्तक, या कल्पनेची जागा मुलाला घर हवे म्हणून दत्तक, या कल्पनेने घेतली. पालकाच्या शरीराचा प्रश्न याच पालटातून निर्माण झाला, आणि म्हणूनच तो टाळता येत नाही. ज्याने मुलाला वाढवावयाचे आहे तो वाढवू शकेल काय, हे विचारणे आता क्रमप्राप्त आहे.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ५७ नुसार दत्तक घेणारे पालक शारीरिकदृष्ट्या सुदृढ, आर्थिकदृष्ट्या सक्षम, मनाने जागरूक आणि मुलाचे उत्तम संगोपन करण्यास उत्सुक असावे लागतात. २०२२ च्या दत्तक विनियमांनी यात भर घालून म्हटले आहे की, त्यांना जीवघेणी व्याधी नसावी. वयाची मर्यादाही आकड्यांत दिलेली आहे : दोन वर्षांपर्यंतचे मूल घ्यावयाचे असल्यास पति-पत्नींच्या वयांची बेरीज ८५ हून अधिक नसावी, आणि एकट्या व्यक्तीचे वय ४० हून अधिक नसावे. मुलाचे वय वाढते तशी ही मर्यादाही वाढते. वजनाचा आकडा मात्र कोठेही नाही.

तो आकडा अन्य देशांत आढळतो. मुले दत्तक घेणाऱ्या परदेशी पालकांसाठी चीनने १ मे २००७ पासून असा नियम केला की, त्यांचा देहभारांक, म्हणजे बॉडी मास इंडेक्स, ४० हून कमी असावा. चीनने २०२४ मध्ये, नातेसंबंधातील काही अपवाद वगळता, परदेशी दत्तकच बंद केले. त्यामुळे हा नियम आता इतिहासजमा झाला आहे. इंग्लंडमधील लीड्स येथे २००९ मध्ये एका दांपत्याचा अर्ज, पतीचा देहभारांक ४२ हून अधिक असल्याच्या कारणावरून, त्याचे वजन उतरेपर्यंत अडविण्यात आला. अशा पालकाला गंभीर आजार किंवा अकाली मृत्यू येण्याची भीती अधिक, हे त्यामागील कारण होते.

हे कारण निराधार आहे असे म्हणता येणार नाही. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ५७ अभ्यासांतील सुमारे नऊ लक्ष प्रौढांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. देहभारांक ३० ते ३५ असता आयुर्मर्यादा सरासरीने २ ते ४ वर्षांनी, आणि ४० ते ४५ असता ८ ते १० वर्षांनी घटते, असा त्याचा निष्कर्ष होता. दुसरी हानी जवळजवळ धूम्रपानाइतकी आहे. सारांश, अतिस्थूलता ही आरोग्याला अपायकारक आहे यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, समूहाविषयीचे हे सत्य एका विशिष्ट अर्जदाराला अपात्र ठरविण्यास पुरेसे आहे काय?

येथे मापाचाच विचार प्रथम केला पाहिजे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की देहभारांक मिळतो. हे गणित बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केटले याने एकोणिसाव्या शतकात मांडले, ते माणसांच्या समूहाचे वर्णन करण्यासाठी. एकेका माणसाची परीक्षा घेण्यासाठी नव्हे. वजन स्नायूंचे की मेदाचे, हे या आकड्यास कळत नाही. १७३ सेंटिमीटर उंचीच्या व १०० किलो वजनाच्या मल्लाचा देहभारांक ३३ हून अधिक भरतो. कोष्टकाप्रमाणे तो स्थूल ठरेल. मोतीबाग किंवा गंगावेस तालमीत त्याला कोणी रोगी म्हणणार नाही. याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही देहभारांक २२.३ होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के भरले. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही मधुमेहाला पोषक असा मेद दडलेला असू शकतो. तेव्हा नुसता वजनकाटा पाहून निर्णय करणारा अधिकारी एका निरोगी माणसास नाकारील आणि एका रोगोन्मुख माणसास स्वीकारील, असे घडणे सहज शक्य आहे.

माप निर्दोष आहे असे क्षणभर गृहीत धरले तरी दुसरी अडचण उरते, ती सुसंगतीची. समजा, एका दांपत्यात पती ४५ व पत्नी ४० वर्षांची आहे. बेरीज ८५ असल्याने त्यांना तान्हे मूल घेता येते. दुसऱ्या दांपत्यात पती ३२ व पत्नी ३० वर्षांची असून पतीचा देहभारांक ४२ आहे. वरील अभ्यासातील मोठ्यात मोठी घट, म्हणजे १० वर्षे, त्याच्या आयुष्यातून वजा केली, तरी मुलाला मिळणाऱ्या सहवासाच्या हिशेबात तो ४२ वर्षांच्या माणसासारखा ठरतो. म्हणजे पहिल्या पतीहून तरीही तीन वर्षांनी लहान. हा हिशेब स्थूल आहे हे मान्य. पण पहिल्यास दार उघडे ठेवणारा व दुसऱ्यास ते बंद करणारा नियम बालहिताच्या नावाने समर्थनीय ठरत नाही, एवढे दाखविण्यास तो पुरेसा आहे.

यावर असा आक्षेप येईल की, शासन हे बालकाचे विश्वस्त आहे आणि विश्वस्ताने थोडाही धोका पत्करू नये. नैसर्गिक आईबापांचे वजन कोणी तपासत नाही, हे उत्तर या आक्षेपास पुरे पडत नाही. कारण तेथे मुलासाठी घर निवडण्याचा अधिकार शासनाकडे नसतो, येथे तो असतो. खरे उत्तर निराळे आहे. विश्वस्ताने एकच धोका पाहून चालत नाही. संस्थेत वाढणाऱ्या मुलाचे प्रत्येक वर्ष हीही हानीच असते, आणि योग्य घर नाकारल्याने ती वाढते. दुसरा आक्षेप घरातील आहारविहाराविषयीचा आहे. तोही विचारात घ्यावा. परंतु तो मार्गदर्शनाचा विषय आहे, अपात्रतेचा नव्हे.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, वजन हा वैद्यकीय तपासणीतील एक प्रश्न असावा, पात्रतेची कसोटी असू नये. वजन अधिक असल्यास वैद्याने पुढे जाऊन पाहावे : रक्तदाब, मधुमेह, हृदय यांची स्थिती काय आहे? अर्जदार मुलाला उचलू शकतो काय, त्याच्यामागे धावू शकतो काय, रात्री अपरात्री त्याच्यासाठी उठू शकतो काय? जीवघेणी व्याधी आढळल्यास विनियम त्यासाठी समर्थ आहेत. वेगळ्या आकड्याची आवश्यकता नाही. व्याधी न आढळल्यास केवळ देहाच्या आकारावरून प्रतिकूल शेरा लिहिला जाऊ नये, आणि लिहिला गेलाच तर त्याचे कारण स्पष्ट शब्दांत नमूद व्हावे. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार जिल्हा न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकाऱ्याकडे आला आहे. निर्णय प्रशासनाच्या हाती गेला असता लेखी कारणांचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते.

१८८४ मध्ये पित्याच्या देहाचा प्रश्नच नव्हता. आज तो आहे, आणि ही सुधारणाच होय. मात्र तो प्रश्न मुलाच्या वतीने विचारलेला आहे, याचा विसर पडता कामा नये. मुलाला हवा असतो तो आपल्याला वाढविण्यास समर्थ असा माणूस. आणि हे सामर्थ्य तराजूत घालून मोजता येत नाही.