खाऱ्या पाण्याची टाकी आणि घरातली वीज

माशांची काचपेटी आपल्याकडे जुनीच. हौस वाढली की माणूस गोड्या पाण्याकडून खाऱ्याकडे वळतो आणि विजेचा हिशेब तिथेच बदलतो. समुद्राचे पाणी नळाच्या पाण्यापेक्षा शंभरएक पट सहज वीज वाहून नेते. शिवाय शिंतोडे वाळून वायरीवर, प्लगवर मिठाची पांढरी खपली चढते. पेडण्यात आगरवाड्याची मिठागरे पाहिलेल्यांना हे सांगायला नको. पावसाळ्यात ही खपली ओलावा ओढते आणि वीज तिच्यातून चोरवाट काढते.

मल्टिमीटरने पाण्यात 20-30 व्होल्ट दिसले की काहीजण घाबरतात. बरेचदा तो पंपाच्या गुंडाळीमुळे आलेला प्रेरित दाब असतो, त्यात जोर नसतो. खरा धोका चिरलेल्या हीटरचा किंवा सील गेलेल्या पंपाचा. तेव्हाही मासे मजेत पोहताना दिसतात, तारेवरच्या कावळ्यासारखे, कारण विजेला जमिनीकडे जायला वाट नसते. ती वाट आपला हात करून देतो. म्हणून मोजमाप इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. हीटर तर गोव्यात बहुधा लागतच नाही. मे महिन्यात पाणी थंड कसे ठेवावे हीच चिंता असते.

‘एमसीबी आहे ना’ हे उत्तर आम्ही नेहमी ऐकतो. 16 अॅम्पिअरची एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसाचा जीव 50 मिलिअॅम्पिअरनेही जाऊ शकतो. तेवढी गळती तिच्या खिजगणतीत नसते. त्यासाठी 30 मिलिअॅम्पिअरची आरसीसीबी हवी, आयएस 12640 प्रमाणाची. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांचा ताळेबंद ती सतत जुळवते. तफावत दिसताच वीज तोडते.

पण ती टाकीच्या लाइनवर आहे का? पावसात वीज जाते म्हणून आपण पंप इन्व्हर्टरवर घेतो. न्यूट्रल एकमेकांत मिसळून आरसीसीबी सारखी पडू लागली, की कित्येकदा इन्व्हर्टरची लाइन तिच्या बाहेरून काढली जाते. मग पेटीत आरसीसीबी असूनही टाकी उघडीच. हे आजच विचारून घ्यावे, चवथीला घर मुलांनी भरण्याआधी.

जांभ्या दगडाच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो. डिचोलीकडच्यांनीही त्यात पाणी घालत राहावे. पाण्यात टायटॅनियमची अर्थिंग सळई सोडायची तर आरसीसीबी असेल तरच. वायर प्लगखाली लोंबती ठेवावी, म्हणजे पाणी ओघळून तिथेच गळते. हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढावेत. आरसीसीबीचे ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबावे. खटका पडला नाही तर त्याच दिवशी ती बदलावी.