नाडीची साक्ष

एखाद्या गाजलेल्या खुनाचा तपास महिनोन्‌महिने रेंगाळतो, आणि मग एके सकाळी वर्तमानपत्रात ‘संशयिताची पॉलिग्राफ चाचणी होणार’ असे ठळक वृत्त झळकते, तेव्हा वाचणाऱ्याला पुष्कळसे हायसे वाटते. साक्षीदार फितूर होतील, दस्तऐवज गहाळ होतील, पंच ऐन वेळी शब्द फिरवतील. परंतु यंत्राला नातेगोते नाही, भीडमुर्वत नाही आणि लालूचही नाही, तेव्हा आता खरे काय ते बाहेर पडेलच, अशी त्याची श्रद्धा असते. या विषयाची गोष्ट निघाली की सुशिक्षित माणसेदेखील पहिला प्रश्न हाच करतात, की हे यंत्र खोटे पकडते तरी कसे? प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्याचे खरे उत्तर असे की, ते खोटे पकडतच नाही.

मग ते करते काय, हे समजण्यासाठी क्षणभर त्या खोलीत जाऊन बसले पाहिजे. खोली लहान, बंद आणि शांत असते. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या छातीभोवती एक आणि पोटाभोवती एक अशा चुण्यांच्या दोन लवचिक नळ्या बांधतात. त्या त्याच्या श्वासाबरोबर ताणतात आणि सैल पडतात. दंडाला, डॉक्टर रक्तदाब पाहताना गुंडाळतात तसलाच पट्टा असतो, आणि तो फुगवून ठेवलेला असल्यामुळे थोड्याच वेळात हात जड होऊ लागतो. बोटांच्या टोकांना धातूच्या दोन पट्ट्या लावतात, त्या घामाने त्वचेची वीज वाहून नेण्याची शक्ती किती पालटली ते नोंदवितात. पूर्वी शाईच्या सुया सरकत्या कागदावर थरथरत रेघा ओढीत असत, आता त्या रेघा संगणकाच्या पडद्यावर उमटतात. पॉलिग्राफ या नावाचा अर्थही तेवढाच आहे: एकाच वेळी अनेक रेघा काढणारे साधन. श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम या चौघांपलीकडे त्या यंत्राची नजर पोहोचत नाही.

हे साधन आजच्या रूपाला आले ते अमेरिकेत. हार्वर्डमध्ये शिकलेल्या विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रक्तदाबावरून असत्य ओळखण्याची कल्पना मांडली; ‘वंडर वुमन’ ही चित्रकथेतील वीरांगना, जिच्या दोरात अडकलेल्या माणसाला खरे बोलावेच लागते, ती पुढे याच गृहस्थाने निर्माण केली. १९२१ साली कॅलिफोर्नियातील बर्कले शहराच्या पोलीसदलात नोकरीस असलेल्या जॉन लार्सन या शरीरशास्त्राच्या पदवीधराने नाडी, रक्तदाब आणि श्वास यांची सलग नोंद घेणारे यंत्र तयार केले, आणि लिओनार्ड कीलरने त्याला पेटीत घालून नेण्याजोगे सुटसुटीत रूप दिले. परंतु लार्सनचे यंत्र जेमतेम दोन वर्षांचे असतानाच, १९२३ साली, वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मार्स्टनच्या चाचणीचा निष्कर्ष पुरावा म्हणून स्वीकारण्यास नकार दिला होता. जी पद्धत त्या शास्त्रातील जाणत्यांना सर्वसाधारणपणे मान्य झालेली नाही तिला न्यायालयात स्थान नाही, असे त्या निकालाचे सार होते.

यंत्राची सगळी मेख एका गृहीतात आहे. खोटे बोलताना माणसाचे मन क्षुब्ध होते, मनाच्या क्षोभाने शरीर क्षुब्ध होते, आणि शरीराचा क्षोभ मोजता येतो. यांतले शेवटचे विधान निर्विवाद खरे आहे. मधले पुष्कळ अंशी खरे आहे. पहिले मात्र कधी खरे ठरते, कधी ठरत नाही, आणि उलट बाजूने तर ते मुळीच लागू पडत नाही. कारण क्षोभाला असत्य हेच एक कारण नसते. मी मराठी चौथीत असताना गुरुजींच्या टेबलावरून फीचे काही रुपये नाहीसे झाले. गुरुजी एकेका मुलापुढे उभे राहून त्याच्या डोळ्यांत पाहू लागले. मी त्या पैशांना शिवलोही नव्हतो. तरी माझी पाळी येईपर्यंत माझे कान तापून लाल झाले, घसा कोरडा पडला, आणि ‘नाही गुरुजी’ हे दोन शब्द उच्चारताना जीभ अडखळली. दुसऱ्या दिवशी पैसे हजेरीपुस्तकाच्या पुठ्ठ्यात सापडले म्हणून मी सुटलो. त्या वेळी माझ्या दंडाला तो पट्टा बांधलेला असता, तर त्याने माझ्याविरुद्धच कौल दिला असता याविषयी मला आजही शंका नाही.

शरीराच्या विकारांवरून मनाचे पाप ओळखण्याची ही कल्पना काही विसाव्या शतकाने शोधून काढलेली नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात खोटा वादी आणि खोटा साक्षीदार यांची लक्षणे दिली आहेत: तो एका जागी स्थिर राहत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, त्याच्या कपाळावर घाम येतो, चेहऱ्याचा रंग पालटतो, तोंड सुकते आणि शब्द अडखळतात. पॉलिग्राफचा तक्ता यापेक्षा निराळे काय सांगतो? परंतु मला त्या स्मृतीपेक्षाही तिच्यावरील टीका अधिक मोलाची वाटते. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ आपल्याकडे वारसाहक्काच्या संदर्भात वकिलांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या त्या टीकेत तो या लक्षणांपाशी मुद्दाम थांबतो. तो म्हणतो की, यांवरून दोषाचा केवळ संभव कळतो, निश्चय होत नाही; कारण हा विकार त्या माणसाला स्वभावतःच जडलेला आहे की प्रसंगाने उपजला आहे, हे ओळखणे दुर्घट आहे. एखाद्या निपुण माणसाला तो भेद कळला, तरीही तेवढ्यावरून लक्षणे दिसणाऱ्याला पराभूत ठरविता येत नाही. मरणाची चिन्हे दिसू लागली म्हणून कोणी जिवंत माणसाचे और्ध्वदेहिक उरकून घेत नाही. एवढे स्वच्छ विवेचन मला या विषयावरील अर्वाचीन ग्रंथांतही क्वचितच आढळले. विजेने आणि रबराच्या नळ्यांनी लक्षणांची नोंद कितीतरी सूक्ष्म झाली, पण लक्षणावरून निर्णयावर उडी घेताना मधे जी दरी लागते, ती विज्ञानेश्वराच्या वेळी जेवढी रुंद होती तेवढीच आजही आहे.

न्यायदानाला मात्र या विवेकाची बूज नेहमीच राखता आली नाही. स्मृतिकारांनी सांगितलेल्या दिव्यांपैकी तंडुल दिव्यात चोरीचा वहीम असलेल्यांना तांदूळ चावून थुंकायला लावीत, आणि ज्याच्या थुंकीत रक्त दिसे किंवा ज्याचे अंग कापे तो चोर ठरे. भयाने तोंडाला कोरड पडते, हे ज्या कोणी प्रथम हेरले तो माणूस खचित निरीक्षक होता. पण निरपराध्यालाही भय वाटते, हे त्याने जमेस धरले नाही. मराठी अमदानीत वतनाचे तंटे मजलिशीपुढे, म्हणजे न्यायसभेपुढे, येत, आणि साक्षीपुराव्याने उलगडा झाला नाही तर उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढण्याचे दिव्य होई. हात धुवून, नखे काढून, रवा काढल्यावर हात थैलीत घालून वर मोहोर करीत, आणि तिसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष थैली सोडून हात भाजला आहे काय ते पाहत. मग निवाड्याचा महजर होई.

आजचे पॉलिग्राफ परीक्षक मात्र केवळ ‘हे तुम्ही केले काय?’ एवढेच विचारून निकाल देत नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. चाचणीपूर्वी दीर्घ मुलाखत होते आणि प्रत्येक प्रश्न आधी वाचून दाखविला जातो. १९४७ मध्ये जॉन रीडने रूढ केलेल्या पद्धतीत गुन्ह्याविषयीच्या प्रश्नांच्या जोडीला, ‘तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला तुम्ही आयुष्यात कधी फसविले आहे काय?’ अशा धाटणीचे तुलनात्मक प्रश्न घालतात. असल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणताना बहुतेक माणसे थोडीतरी चाचरतात. तेव्हा निर्दोष माणसाला हा प्रश्न अधिक झोंबेल आणि दोषी माणसाला तिजोरीचा किंवा सुरीचा, असा त्यामागचा तर्क. परंतु ज्या निरपराध माणसाच्या डोक्यावर फासाची दोरी लोंबते आहे, त्याला ‘सुरी तुम्ही चालविली काय?’ हा प्रश्न अधिक झोंबणार नाही, असे कोण म्हणेल? याहून सयुक्तिक पद्धत डेव्हिड लिकेन याने १९५९ साली मांडली. तीत ‘तुम्ही केले काय’ असे विचारतच नाहीत. खून कशाने झाला, दोरीने, कोयत्याने, उशीने की दगडाने, असे पर्याय एकामागून एक उच्चारतात, आणि जी गोष्ट फक्त गुन्हेगाराला ठाऊक असेल तिच्यापाशी शरीर वारंवार चमकते काय, हे पाहतात. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला सारे पर्याय सारखेच. जपानचे पोलीस मुख्यतः हीच पद्धत वापरतात. पण तपासाचे बारकावे वर्तमानपत्रांत आधीच छापून आलेले असले, तर तिचा आधारच सुटतो.

आता विश्वसनीयतेचा प्रश्न. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ साली या विषयाचा सांगोपांग अहवाल प्रसिद्ध केला. विशिष्ट गुन्ह्याच्या चौकशीत ही चाचणी नाणेफेकीपेक्षा बरीच सरस, पण निर्दोषतेपासून बरीच दूर, असा त्याचा मथितार्थ होता. त्यातले एक उदाहरण कोणालाही हिशेब करून पाहता येईल. दहा हजार सरकारी नोकरांत दहा हेर आहेत असे समजा, आणि त्यांतले आठ सापडतील इतकी चाचणी कडक ठेवा. तर त्या आठांबरोबर सुमारे सोळाशे निरपराध नोकर संशयित ठरतात. निरपराध्यांना वाचवावे म्हणून ती सैल केली, तर चाळीसएक निर्दोष माणसे अडकतात खरी, पण दहांपैकी आठ हेर राजरोस सुटतात. दोष परीक्षकाच्या हलगर्जीपणाचा नव्हे. हजारोंच्या गर्दीत मूठभर अपराधी शोधायचे म्हटले की गणित असेच येते.

ही भीती कागदोपत्रीच राहिली असती तर बरे झाले असते. अमेरिकेच्या गुप्तचर खात्यातील आल्ड्रिच एम्स हा सोव्हिएत हेरखात्याला बातम्या पुरवीत असताना १९८६ आणि १९९१ अशा दोन चाचण्यांतून सहीसलामत सुटला आणि १९९४ मध्ये पकडला गेला. काय युक्ती करावी, असे त्याने आपल्या सोव्हिएत धन्यांना विचारले होते. रात्री चांगली झोप घे आणि परीक्षकाशी गोडीने वाग, एवढाच त्यांचा सल्ला होता. वॉशिंग्टन राज्यात अनेक स्त्रियांची हत्या करणारा गॅरी रिजवे १९८४ साली चाचणीत निर्दोष ठरला, आणि पुढे सतरा वर्षे मोकळा फिरला. याच्या उलट ओहायोमधील एका माणसाला १९७८ मधील एका खुनाबद्दल, चाचणीत नापास झाल्याच्या आधारावर, जन्मठेपेची शिक्षा झाली. खरे खुनी सापडेपर्यंत त्याची सुमारे अडीच वर्षे तुरुंगात गेली. तुरुंगात असताना त्याने या यंत्राचा अभ्यास केला आणि गुन्हा कबूल केलेल्या सत्तावीस कैद्यांना अर्ध्या तासाहूनही कमी वेळ शिकविले. त्यांपैकी तेवीस जण चाचणीत उत्तीर्ण झाले. या मनुष्याची हकीकत वाचून मला कित्येक दिवस अस्वस्थ वाटत राहिले.

मग पोलीस ही चाचणी करवितात कशासाठी? एक कारण असे की ‘यंत्राला सगळे कळते’ या समजुतीच्या धाकाने पुष्कळ माणसे खुर्चीवर बसण्यापूर्वी किंवा उठल्याबरोबर कबुली देतात. दुसरे, तपासाचे धागे कोणत्या दिशेने हुडकावेत याचा काही सुगावा लागतो. तपासाची दिशा ठरविणे आणि दोष ठरविणे यांतला भेद मात्र आपल्याकडे काही काळ पुसट झाला होता. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने मुद्रांक घोटाळ्याच्या संदर्भात अशा चाचण्यांना आडकाठी नसल्याचे म्हटले. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या लहरींवरून केलेल्या चाचणीचा आधार घेऊन जन्मठेप सुनावली. शेवटी ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात नार्को (औषधाच्या गुंगीत घेतलेली जबानी), पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी या तिन्ही संमतीवाचून करता येणार नाहीत असा निर्णय दिला.

येथे लोक एक रास्त शंका काढतात: बोटांचे ठसे सक्तीने घेता येतात, मग नाडीचे का नाही? ठशांचा निवाडा १९६१ सालीच, मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात, अकरा न्यायाधीशांच्या पीठाने केला होता: ठसा हा शरीराचा भाग, ती साक्ष नव्हे. पॉलिग्राफमध्ये नाडीला महत्त्व येते ते प्रश्नाच्या उत्तराशी ती जोडली जाते म्हणून. ती माणसाच्या मनातले ज्ञान उघड करते, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ने मना केली आहे. संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी, वकिलाचा सल्ला मिळावा, परिणाम काय होतील ते समजावून सांगावे, अशी मानवी हक्क आयोगाची २००० सालची मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने पाळावयास सांगितली. संमतीने दिलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतः पुरावा होत नाही. तिच्यातून मिळालेल्या माहितीवरून पुढे हत्यार किंवा मुद्देमाल सापडला, तर तो पुराव्याच्या कायद्याप्रमाणे ग्राह्य धरता येतो.

एक गैरसमज यानंतरही उरतोच, आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. ‘चाचणीस संशयिताचा नकार’ असे वृत्त आले, की चौकाचौकांत त्याचा निकाल लागून जातो: कर नाही त्याला डर कशाला? मजलिशीपुढे दिव्याला मागे सरलेला वादी हरला, असे एके काळी खरोखरच धरीत. आज न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभा राहून ‘मला ही चाचणी द्यावयाची नाही’ असे म्हणणारा माणूस कदाचित अपराधी असेल. कदाचित पोलीस ठाण्याची पायरी चढतानाच ज्याचे हातपाय गळतात असा एखादा पापभीरू शेतकरी असेल. किंवा ज्याचा रक्तदाब औषधावाचून आटोक्यात राहत नाही असा एखादा म्हातारा असेल. नकाराच्या एका ओळीवरून यांतला कोण, हे ओळखण्याची कोणतीही सोय नाही, आणि त्याने तसे का म्हटले याचा खुलासा देण्यास तो बांधलेलाही नाही.