नौपाड्यातला नळ अन् शेतातला पाइप



आपल्यापैकी पुष्कळांची पोरं नोकरीपायी ठाण्यात आहेत. कुणी उसाच्या बिलातून शिल्लक टाकून नौपाड्यात जुन्या इमारतीत जागाही घेऊन दिली. गोखले रोड, राम मारुती रोड म्हणजे स्टेशन हाकेवर, सोय चांगली. पण चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतींत बहुधा जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप असतात. सकाळी नळ सोडला की पहिलं पाणी तांबूस. मग गावाकडं फोन येतो, "अण्णा, प्लंबर सगळी लाइन बदला म्हणतोय. लुबाडतोय का?"

दरवेळी लुबाडत नसतो. जीआय पाइप गंजतो तो आधी आट्यांवर. आटे पाडताना तिथलं जस्त निघतं आणि पत्राही पातळ होतो. एक सांधा बदलला की हिसक्यानं पुढचा पाझरतो. दोन-तीन ठिकाणी असं झालं असेल तर ठिगळं लावण्यात पैसा घालू नये. भिंतीतली गळती खालच्या बिऱ्हाडाच्या छतात उतरते, स्लॅबची सळई गंजते, आणि भांडण होतं ते वेगळंच.

नवा जीआयच घालायचा तर पाइपावरचा रंगाचा पट्टा पाहावा. पिवळा हलका, निळा मध्यम, लाल भारी. आयएस १२३९ हा त्याचा मानक क्रमांक. पिवळा स्वस्त पडतो, पण भिंतीत गाडायला तो घेऊ नये, असं आमचं मत.

आता आपली खास सवय. शेतातला उरलेला पीव्हीसी पाइप एसटीच्या टपावर टाकून पोराकडं पोचवायचा! साध्या पीव्हीसीचं मानक ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी आहे. गीझरचं पाणी ६० अंशांवर सहज जातं, मग पाइप मऊ पडून सांधे सुटतात. त्यातून उन्हात पडलेला पाइप ठिसूळ झालेला असतो. शिवाय पीव्हीसी पाइपातलं शिसं टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचे नियम केंद्र सरकारनं २०२१ साली केले. त्याआधीचा पाइप पिण्याच्या पाण्याला तर नकोच.

गरम पाण्याला सीपीव्हीसी घ्यावा, आयएस १५७७८ चा. तो ९० अंशांच्या आसपास टिकतो. त्याचं सोल्युशन वेगळं असतं, पीव्हीसीचं चालत नाही. नळ जिथं आट्यांवर बसतो तिथं पितळी आट्यांचीच फिटिंग घ्यावी. प्लास्टिकचे आटे जोरानं आवळले की तडकतात. नळ दुकानात हातात तोलून बघावा. पितळी नळ जड लागतो. वरून चकचकीत, आतून भरड धातूचा असला तर हलका लागतो.

प्लंबरला प्लास्टरची घाई करू देऊ नका. सोल्युशन वाळू द्यावं, लाइन भरून पंपानं दाब द्यावा आणि रात्रभर तशीच ठेवावी. सांधा पाझरणार असेल तर टाइल बसायच्या आत दिसेल.