पाण्याचा ताळेबंद आणि आपली ग्रामपंचायत

पावसाचे दिवस घटतात, महिन्याचा पाऊस दोन रात्रींत कोसळतो आणि फेब्रुवारीतच विहिरी तळ गाठतात, तेव्हा हवामान बदलाशी पहिली गाठ ग्रामपंचायतीचीच पडते. तिच्याकडून काम कसं करून घ्यायचं, ते क्रमाने पाहू.

सुरुवात पाण्याच्या ताळेबंदापासून करावी. ताळेबंद म्हणजे पावसाने किती दिलं आणि गाव किती वापरणार, याचा जमाखर्च. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. शिवार 1,000 हेक्टरचं आणि पाऊस 400 मिलिमीटर असेल, तर 400 कोटी लिटर. फसगत इथेच होते. यातलं बरंचसं वाफ होऊन उडतं, बरंच ओढ्याने निघून जातं. मुरलेलं आणि साठलेलं तेवढंच जमेला धरायचं.

खर्चात आधी माणसं, मग जनावरं, मग पिकं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने हा हिशेब अंगवळणी पाडला. पावसाळा संपला की ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो आणि त्यावर रब्बीची पिकं ठरतात. पाऊस कमी झाला की जास्त पाण्याच्या पिकांना कात्री लागते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे गावाचे नियम आहेत. बंधारे बांधणारी गावं पुष्कळ आहेत. वापराला आळा घालणारी थोडी. खरं अवघड काम तेच आहे.

नंतर शिवारफेरी, म्हणजे शिवारात फिरून प्रत्यक्ष पाहणी. पाणी अडवण्याची कामं कार्यालयात बसून ठरवू नयेत. माथा ते पायथा, म्हणजे आधी डोंगरउतारावर, मग ओढ्यावर, हा क्रम पाळावा. उतारावर सलग समतल चर खोदतात. एकाच पातळीत, उताराला आडवे खणलेले हे लांब खड्डे. पातळी न मोजता खणलेल्या चरात पाणी एका टोकाला धावतं, बांध फुटतो आणि मातीही जाते.

आता ठराव. ‘पर्यावरणाची कामं करावीत’ अशा मोघम ठरावातून काही निघत नाही. काम, जमिनीचा गट क्रमांक आणि देखभाल कोण करणार, हे त्यात हवं. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, 15 टक्के किंवा 100 मतदार यांपैकी कमी असेल ती. ती नसली की सभा तहकूब होते. सभेनंतर इतिवृत्तात आपला ठराव जसाच्या तसा उतरला का, हे वाचून पाहावं.

काम वार्षिक विकास आराखड्यात आलं की निधीची वाट मोकळी होते. 15 व्या वित्त आयोगाने बंधित निधी, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरता येणारा पैसा, 60 टक्के ठेवला होता. तो पाणी आणि स्वच्छतेसाठी होता. पावसाचं पाणी साठवणंही त्यात बसत होतं.

देखभालीची तरतूद मात्र बहुतेक आराखड्यांतून सुटते. बंधाऱ्यात गाळ भरतो, रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वाळतात. पुढच्या ग्रामसभेला आपण जरूर जावं आणि गेल्या वर्षीच्या कामांचं आज काय झालंय, हा प्रश्न आधी विचारावा.