मिळाला, पसंत केला की सकारला?

अमरावतीच्या कापडबाजारात परगावाहून गाठी उतरतात. हमाल घाईत असतात, ट्रकचालकाला पुढचे गाव गाठायचे असते. मुनीम पावतीवर सही करून मोकळा होतो. त्या पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘ॲक्सेप्टेड इन गुड कंडिशन’ असे छापलेले असते. मुनीमाच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की माल पोहोचला. चार दिवसांनी गाठ उघडावी आणि आतील कापड नमुन्याप्रमाणे नसावे, म्हणजे त्या एका शब्दाचा खरा अर्थ शोधण्याची वेळ येते.

‘ॲक्सेप्ट’ हे क्रियापद शाळेत आपण ‘स्वीकारणे’ या एकाच अर्थाने पाठ केलेले असते. आमंत्रण, भेटवस्तू, क्षमायाचना, सारे याच शब्दाने स्वीकारले जाते. व्यापारात मात्र या शब्दामागे कोणते नाम आहे, यावर आपले दायित्व ठरते.

प्रथम मालाचा विचार करू. माल नुसता हाती येणे याला इंग्रजीत ‘रिसीव्ह’ म्हणतात. तो पारखून ‘आता हा माझा’ असे म्हणणे, म्हणजे ‘ॲक्सेप्ट’. १९३० च्या मालविक्री कायद्याने हा भेद स्पष्ट केला आहे. कलम ४१ प्रमाणे, आधी न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो पसंत केला असे मानता येत नाही. परंतु कलम ४२ म्हणते, की पसंती कळवली, मालकासारखा मालाचा वापर केला, किंवा वाजवी काळ उलटूनही नापसंती न कळवता माल ठेवून घेतला, तर तो पसंत केला असेच धरले जाईल. त्यानंतर माल नाकारण्याचा हक्क सामान्यतः जातो. उरतो तो नुकसानभरपाईचा. मग ती घाईची सही ‘तुम्ही पाहूनच घेतला’ असे म्हणायला विक्रेत्याच्या हाती आधार देते.

सूक्ष्म व लघु उद्योगांकडून खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २००६ च्या कायद्यानुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास, माल मिळाल्याचा दिवसच ‘ॲक्सेप्टन्स’चा दिवस ठरतो. पैसे देण्याची मुदत तेथून मोजली जाते आणि ती कराराने ४५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही.

तिसरा अर्थ आपल्या पूर्वजांच्या पूर्ण परिचयाचा होता. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. पुढे १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात येथील कापसाला मुंबईत मोठी मागणी आली. अशा व्यापाराचे पैसे हुंडीने फिरत. दर्शनी हुंडीचे पैसे दाखवताच द्यायचे. मुदती हुंडी मात्र ज्याच्या नावे लिहिली त्याने आधी ‘सकारायची’ असे. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यातील ‘ॲक्सेप्ट’ तो हाच. कागद हाती घेणे किंवा आवडणे असा त्याचा अर्थ नव्हे. बिलावर सही करून ते परत दिले, की मुदतीच्या दिवशी ती रक्कम देण्यास आपण बांधले जातो.

म्हणजे मराठीत मिळणे, पसंत करणे आणि सकारणे अशी वेगवेगळी क्रियापदे होतीच. त्यांपैकी ‘सकारणे’ आज पेढीवर क्वचितच कानी पडते, आणि इंग्रजीतील एका शब्दाखाली पसंती व दायित्व दोन्ही झाकली जातात.

उपाय कठीण नाही. अकोल्याच्या डाळीच्या व्यवहारातील असो वा अमरावतीच्या कापडाच्या, पोचपावतीवर सही करताना बाजूस ‘माल मिळाला, तपासणी बाकी’ असे लिहावे. मराठीत लिहिले तरी चालते. दोष आढळल्यास दूरध्वनीवर न थांबता त्याच दिवशी लेखी कळवावे. नाकारलेला माल स्वतः परत पोहोचवण्याचे बंधन, वेगळा करार नसेल तर, कलम ४३ प्रमाणे आपल्यावर नाही. कळवणे पुरेसे आहे.

इंग्रजी शाळेत शिकलेली मुले आज पेढीचा पत्रव्यवहार सांभाळतात. शब्द त्यांना येतात. त्या शब्दांमागचा व्यवहार वडीलधाऱ्यांना ठाऊक असतो. संध्याकाळी हिशेबाच्या वेळी दोघांनी एक पावती समोर ठेवून वाचली, तर पुढची सही अधिक सावधपणे होईल.